बुडालेल्या जहाजाची पहिली भेट

गोव्याकडे जाणारा महामार्ग आपल्या पनवेलहूनच सुरू होतो. मे महिन्याच्या सुट्टीत येथील पुष्कळ कुटुंबे त्या रस्त्याने मालवणला, तारकर्लीला किंवा थेट गोव्याला जातात, आणि परतताना काजू-कोकमाबरोबर हल्ली एक नवीच बातमी घेऊन येतात. ती म्हणजे, ‘आम्ही समुद्राच्या तळाशी जाऊन आलो.’ दोन पिढ्यांपूर्वी हे कोणी सांगितले असते, तर सांगणारा नौदलात आहे काय, असे आपण विचारले असते. आज शाळेतले मास्तर, बँकेतील कारकून, नुकतीच कॉलेजात गेलेली मुलगी, असे कोणीही पाठीवर हवेची टाकी बांधून घटका-अर्धी घटका पाण्याखाली फिरून येते. त्यातून एखादे बुडालेले जहाज पाहावयास मिळाले, तर मग त्या आनंदाला पारावार उरत नाही.

ही हौस चांगली आहे, आणि ती कोणी सोडून द्यावी असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. मात्र या भेटीला जाणाऱ्याने दोन नियम मनात पक्के धरून जावे. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही, हा पहिला. आणि तेथली वस्तू कधीही उचलावयाची नाही, हा दुसरा. ऐकावयास दोन्ही सोपे आहेत. परंतु दोन्ही आपल्या अंगवळणी पडलेल्या सवयींच्या अगदी उलट आहेत. पाण्यात डोके गेले की दम धरावा, हे आपण लहानपणी विहिरीत उडी मारतानाच शिकलेलो असतो. आणि वाळूत काही चमकताना दिसले की हात आपोआप पुढे होतो. नुसती ताकीद देऊन अशा सवयी सुटत नाहीत. त्यामागचे कारण समजले तरच त्या सुटतात. म्हणून ही कारणे जरा विस्ताराने पाहू.

प्रथम, नवशिक्याला झेपेल इतक्या उथळ पाण्यात जहाज सापडतेच कसे? जहाज बुडाले म्हटले की भर समुद्र, वादळ आणि अथांग खोली असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. वास्तविक पुष्कळ जहाजांचा घात झाला तो किनारा दिसू लागल्यावर. भर समुद्रात आपटावयास काही नसते. बंदराच्या तोंडाशी मात्र पाण्याखाली दडलेले खडक असतात. गोव्यात मुरगाव बंदराच्या आसपास ग्रँड नावाचे बेट आहे, सुंची नावाचा खडकाळ भाग आहे, सेंट जॉर्ज नावाचा दुसरा आहे. या खडकांवर वेगवेगळ्या शतकांतली गलबते आणि आगबोटी फुटल्या. ग्रँड बेटाच्या आडोशाला असलेले एक लोखंडी जहाज पाणबुड्यांमध्ये ‘सुझीज रेक’ या नावाने ओळखले जाते, आणि पहिल्या-दुसऱ्या बुडीच्या मंडळींनाही तेथे नेतात.

अशा जहाजावर दर पावसाळ्यात लाटांचा मारा होतो. कितीएक पावसाळे गेल्यावर वरचा सज्जा खचतो, बाजूचे पत्रे निखळून पडतात आणि उरतात त्या बरगड्यांसारख्या फासळ्या, बॉयलर आणि इतस्ततः पसरलेले पत्रे. चित्रपटात दिसते तसे अखंड, शिडे-खांब शाबूत असलेले जहाज पाहावयास मिळेल, अशा अपेक्षेने जाणाऱ्याची येथे निराशा होण्याचा संभव आहे. पण हे मोडके रूपच नवशिक्याच्या हिताचे आहे. डोक्यावर छप्पर नाही. केव्हाही मान वर केली तर उजेड दिसतो आणि सरळ वर येता येते. अखंड जहाजाच्या आत शिरणे ही गोष्ट फार निराळी. तेथे अंधार असतो, गाळ ढवळला की वाट दिसेनाशी होते, आणि वर पाणी नसून पोलादाचे छत असते. ते काम वेगळे शिक्षण घेतलेल्यांचे. नवशिक्याने जहाज बाहेरून पाहावे, ही मर्यादा कधी ओलांडू नये.

याच जातीची, पण मुद्दाम आखलेली एक योजना आपल्या महाराष्ट्रातही पुढे आली. ‘गुलदार’ ही पोलंडमध्ये बांधलेली, रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरविणारी नौका १९८५ साली भारतीय नौदलात दाखल झाली आणि २०२४ साली सेवेतून निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात ती तळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करावे, यासाठी २०२५ साली ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात देण्यात आली. अपघाताने बुडालेल्या आणि हेतुपुरस्सर बुडविण्याच्या जहाजात एक महत्त्वाचा भेद असतो. दुसऱ्या प्रकारात बुडविण्यापूर्वी तेल, वंगण आणि इतर घातक द्रव्ये काढून जहाज स्वच्छ करावे लागते, आणि पाणबुड्या कोठे अडकू नये म्हणून दारे-झडपा काढून मोठ्या वाटा मोकळ्या कराव्या लागतात. अपघाताने बुडालेल्या जहाजाची अशी तयारी कोणी केलेली नसते. तेथे गंजलेल्या पत्र्याच्या धारा असतात, आणि वर्षानुवर्षे अडकून राहिलेली कोळ्यांची जाळी असतात.

आता श्वासाकडे वळू. आपण जमिनीवर असतो तेव्हा वातावरणाचा सगळा भार आपल्या अंगावर असतो. त्याला एक वातावरण दाब म्हणतात. समुद्रात दहा मीटर खाली गेले की पाण्याचा तेवढाच भार आणखी पडतो, म्हणजे दाब दुप्पट होतो. वीस मीटरवर तिप्पट. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइल याने सांगितलेला नियम असा की, दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. पृष्ठभागावर फुगवलेला फुगा दहा मीटर खाली नेला तर तो निम्म्या आकाराचा होईल, आणि वर आणला की पूर्ववत् फुगेल.

कोकणातला पट्टीचा पोहणारा दम धरून बुडी मारतो तेव्हा त्याची छाती या फुग्यासारखी वागते. वरची हवा घेऊन तो खाली जातो आणि तीच घेऊन वर येतो. म्हणून दम धरल्याने त्याचे नुकसान होत नाही. पाठीवर टाकी असलेल्याची गोष्ट उलटी आहे. त्याच्या तोंडातले रेग्युलेटर त्याला त्या खोलीवरच्या दाबाचीच हवा पुरविते. तसे नसते तर पाण्याच्या भाराखाली त्याला छाती फुगविताच आली नसती. म्हणजे दहा मीटरवर त्याने पाच लिटर हवा छातीत घेतली, तर ती वर आल्यावर दहा लिटर होणार. श्वास चालू असेल तर ही जादा हवा सहज बाहेर पडते. पण घाबरून, तोंड मिटून, दम धरून तो वर झेपावला, तर त्या हवेने जावे कोठे? फुप्फुसाच्या नाजूक पिशव्या फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. शिक्षक पहिल्याच दिवशी ‘श्वास चालू ठेवा’ असे पुन्हा पुन्हा बजावतात, ते याचसाठी.

यातून एक गोष्ट निघते, ती पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. वीस मीटरवरून दहावर येताना हवा दीडपट होते, परंतु दहावरून पृष्ठभागावर येताना ती दुप्पट होते. म्हणजे दाबाचा मोठा फेरफार वरच्या, उथळ पाण्यातच होतो. दीड-दोन मीटर पाण्यातही भरल्या छातीने दम धरून वर आल्यास इजा होऊ शकते. उथळ जहाज नवशिक्यासाठी सोयीचे आहे खरे; पण तेथे नियम शिथिल होतात, असा त्याचा अर्थ कोणी करू नये.

कानांचेही असेच आहे. खाली जाऊ लागताच पहिल्या एक-दोन मीटरमध्ये कान दडपतात. विमान उतरताना किंवा घाटात मोटार उतरताना जे होते, तेच येथे अधिक जोराने होते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घातली की कानातला दाब सारखा होतो. दुखू लागेपर्यंत थांबावयाचे नाही. दर थोड्या अंतराने हे करीत राहावयाचे. कान मोकळे होत नसतील तर किंचित वर यावे, पुन्हा पाहावे, आणि तरीही जमले नाही तर खुशाल परत फिरावे. सर्दी-पडसे असताना बुडी मारू नये, याचे कारण हेच.

हे रेग्युलेटर कोणी शोधिले, तेही सांगून ठेवू. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कूस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनियर या दोघांनी ते सिद्ध केले. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून गान्यां याने मोटारींना लागेल तितकाच गॅस पुरविणारी एक झडप तयार केली होती. तोच विचार त्यांनी माणसाच्या श्वासाला लावला. माणूस ओढील तेव्हा आणि ओढील तेवढीच हवा मिळावी. पूर्वीच्या पाणबुड्याला जड शिरस्त्राण घालून, वरून येणाऱ्या नळीला बांधलेले राहावे लागे. या एका झडपेने त्याची दोरी सुटली. टाकीत ‘ऑक्सिजन’ असतो, असा एक समज सर्वत्र आहे. साध्या बुडीच्या टाकीत असते ती आपलीच नेहमीची हवा, गाळून आणि दाबून भरलेली. निव्वळ ऑक्सिजन सहा-सात मीटरखालीच धोकादायक ठरू लागतो.

ही हवा पुरते किती वेळ? बारा लिटरच्या टाकीत दोनशे वातावरण दाबाने भरली, तर ती सुमारे २४०० लिटर होते. स्वस्थ माणूस मिनिटाला सुमारे वीस लिटर हवा घेतो असे धरले, तर वर ती दोन तास पुरेल. दहा मीटरवर एक तास. वीस मीटरवर चाळीस मिनिटे. त्यातली चौथाई राखून ठेवावयाची असते, आणि नवखा माणूस धास्तीने भराभर श्वास घेतो ते निराळेच. यावरून पंधरा मीटरच्या आतले जहाज नवशिक्याला का योग्य, हे ध्यानात यावे. तेथे हवा अधिक वेळ पुरते, उजेड पोहोचतो, आणि नायट्रोजनचे संकटही कमी राहते. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. सोडावॉटरची बाटली एकदम उघडली म्हणजे जसे बुडबुडे उसळतात, तसे भराभर वर आल्यास तो शरीरात बुडबुडे करतो. म्हणून मिनिटाला नऊ मीटरहून अधिक वेगाने वर येऊ नये, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, असा पाठ आहे. बुडीनंतर लागलीच विमानात बसणेही धोक्याचे. अठरा तास जाऊ द्यावेत.

एवढी तयारी करून खाली गेल्यावर दिसते काय? प्रथम रंग बदलतात. पाणी तांबड्या प्रकाशाला आधी गिळते; पाच-सात मीटरवरच लाल वस्तू काळपट दिसू लागते, आणि हातातली बत्ती लावताच ती पुन्हा लाल होते. चष्म्यातून प्रत्येक वस्तू तिच्या खऱ्या आकाराहून तिसऱ्या हिश्श्याने मोठी आणि अधिक जवळ भासते. म्हणून पाहिलेल्या माशाची लांबी वर येऊन सांगताना थोडी कमी करून सांगावी. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. त्यामुळे बोटीचे इंजिन ऐकू येते, परंतु ते कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. वर येताना मान वर करून, सावकाश, शिक्षकाबरोबर यावे, ते यासाठी.

आणि मग जहाज. वाळूच्या सपाट तळावर लोखंडाचा हा ढीग म्हणजे समुद्रातील जीवांना आयता मिळालेला खडकच. वाळूत ज्यांना मूळ धरता येत नाही, असे जीव येथे घर करतात. आधी बुळबुळीत थर, मग कालवांसारखे कवचाचे जीव, स्पंज, मऊ प्रवाळ. त्यांच्या आश्रयाला लहान मासे, आणि त्यांच्या मागोमाग गोब्रा, तांबोशी यांसारखे मोठे. जहाज मेले आणि त्याचा खडक झाला, असे म्हणावयास हरकत नाही. या वस्तीत काट्यात विष असलेले मासेही असतात. दगडासारखे स्वस्थ पडून राहणारे तर ओळखूही येत नाहीत. येथे हात आवरण्याचे पहिले कारण आपल्या स्वतःच्या बोटांपुरते आहे. दुसरे कारण याहून मोठे.

सेंट जॉर्ज खडकाजवळ गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका बुडालेल्या जहाजाचा माल तपासला. तेथे सोने नव्हते, रूपे नव्हते. होती ती कौले, आढ्याची कौले, भाजक्या मातीच्या खांबांचे तुकडे. आपल्या पनवेलच्या जुन्या वाड्यांवर आणि कोकणातल्या घराघरांवर जी मंगलोरी कौले आपण आजन्म पाहिली, त्याच घराण्यातली ही. कौलांवर बासेल मिशनच्या कौल-कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल उमटलेले होते. ते त्या कारखान्याच्या स्थापनेचे साल. म्हणजे जहाज १८६५ पूर्वीचे असू शकत नाही. पहिल्या महायुद्धानंतर मिशनच्या हातून हा धंदा गेला. म्हणजे फार नंतरचेही असण्याचा संभव थोडा. एका शिक्क्याने निनावी जहाजाला काळ दिला, निघाल्याचा किनारा दिला आणि व्यापार दिला.

आता कल्पना करा की, शास्त्रज्ञ तेथे पोहोचण्यापूर्वी पन्नास हौशी मंडळी तेथे जाऊन आली, आणि प्रत्येकाने ‘एवढ्या ढिगातले एक’ म्हणून नेमके शिक्क्याचे कौल उचलले. ती पन्नास कौले आज पन्नास दिवाणखान्यांत असती, आणि जहाज मुके झाले असते. सुंचीच्या खडकावर तर सतराव्या शतकाच्या आरंभीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यात तोफा होत्या, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे होते, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात होते. पाणघोडा आफ्रिकेतला, त्याच्या दाताने जहाजाच्या व्यापाराची वाट दाखविली. पण दात, तोफ आणि भांडे एकाच जागी, एकत्र सापडले, म्हणून त्या साक्षीला किंमत आली. तोच दात एखाद्याच्या कपाटात सापडला असता, तर त्याने काय सांगितले असते? शिवाय समुद्रातून काढलेले लोखंड, अंगात मुरलेला क्षार विशेष प्रक्रियेने काढल्याखेरीज, हवेत टिकत नाही. त्याचे पापुद्रे सुटतात. अमोल म्हणून आणलेली वस्तू बघता बघता भुगा होते. २००१ साली युनेस्कोने पाण्याखालच्या वारशासंबंधी जो करार केला, त्यात असे अवशेष आधी जागच्या जागीच राखावेत हे तत्त्व मांडले आहे, त्यामागे हाच अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या रायगड जिल्ह्याच्या माणसाला निराळी सांगावयास नको. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली, आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवसाची आठवण रेवस-अलिबागच्या बाजूच्या कितीतरी घरांनी पिढ्यानुपिढ्या सांभाळली आहे. प्रत्येक बुडालेल्या जहाजावर असेच झाले असेल असे नाही. परंतु ज्या जहाजाचे नावही आपल्याला ठाऊक नाही, त्यावरही कोणाचा तरी मुलगा खलाशी असेल. दुसऱ्याच्या घरी आपण जसे वागतो, तसे तेथे वागावे. घरधनी घरी नाही म्हणून फडताळ उघडू नये.

हे दोन नियम वेगवेगळे दिसतात, पण पाण्याखाली ते एकमेकांत मिसळतात. छाती भरली की शरीर किंचित वर उचलले जाते, श्वास सोडला की खाली बसते. सावकाश, एकसारखा श्वास घेणारा माणूस तळापासून हातभर वर तरंगत राहतो. त्याला कोठे धरावे लागत नाही. धास्तावलेला, दम धरणारा माणूस वर-खाली होतो आणि आधारासाठी दिसेल ते पकडतो. त्याच्या हाती प्रवाळ मोडते, पायाने गाळ उडतो, पत्र्याने बोट कापते. म्हणून ज्याचा श्वास शांत, त्याचे हातही शांत राहतात.

जाण्याचे ठरविलेत तर बोटीत बसण्यापूर्वी काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. शिक्षकाजवळ मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र आहे काय? तो एकाच वेळी किती नवशिक्यांना नेणार? आधी उथळ, शांत पाण्यात सराव देणार काय? किती खोल जाणार? प्रशिक्षण न घेतलेल्याची पहिली बुडी बारा मीटरपलीकडे नेऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. दमा, हृदयविकार, फेफरे, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर ते लपवू नये. आधी डॉक्टरांना विचारावे. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र आपण होऊनच दार लावून घेतो. आपल्या किनाऱ्याला नद्यांचा गाळ येतो, म्हणून अंदमान-लक्षद्वीपच्या काचेसारख्या पाण्याची अपेक्षा येथे धरू नये. चार-सहा मीटर स्वच्छ दिसले तरी दिवस चांगला मानावा. समुद्र खवळलेला असेल आणि शिक्षक ‘आज नको’ म्हणाला, तर पैसे भरले आहेत म्हणून आग्रह धरू नये. असा नकार देणारा शिक्षक मिळाला, तर पुढच्या खेपेसही त्याच्याकडेच जावे.

आणि वर आल्यावर मुलांनी विचारले, ‘काय आणलेत?’, तर त्यांना घरच्या छपरावरचे एखादे मंगलोरी कौल दाखवावे, आणि त्याच घराण्यातले कौल समुद्राच्या तळाशी कसे गेले, ते सांगावे. पुढे ती मुले मोठी होऊन तेथे जातील, तेव्हा ते जागेवर सापडावयास हवे.